वाचकाची रास आणि पुस्तकाचा अधिकार

मेषेच्या वाचकाला साहसकथा, कर्केच्या वाचकाला घरसंसाराची कादंबरी, मकरेला यशाचे मार्ग सांगणारे पुस्तक आणि मीनेला कविता, अशी पुस्तकांची वाटणी करणारे तक्ते हल्ली पुष्कळ दिसू लागले आहेत. इंग्रजी नियतकालिकांच्या पुरवण्यांत हा खेळ आधी सुरू झाला. तेथून तो फोनच्या पडद्यावर आला आणि आता मराठीतही उतरतो आहे. आपल्या साहित्यसमीक्षेला याची दखल घ्यावीशी वाटलेली नाही. घटकाभराची करमणूक आहे, असे म्हणून समीक्षक पुढे जातात. करमणुकीला आमचाही विरोध नाही. परंतु माणसाने काय वाचावे हे त्याच्या जन्मावरून ठरवणे ही गोष्ट ज्या देशात कधीच करमणूक नव्हती, जेथे वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात तापलेले शिसे ओतावे असे धर्मसूत्राने लिहून ठेवले, त्या देशात हा तक्ता नुसता हसून बाजूला ठेवता येत नाही. तो कशाचा वंशज आहे हे पाहिले पाहिजे.

मुळात राशीवरून पुस्तक ठरवणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाहीच. तिचे मराठी रूप जुने आहे. ते रूप म्हणजे पोथी. तुळजापूरला भवानीच्या देवळाकडे जाताना कुंकवाचे ढीग, परड्या, कवड्यांच्या माळा यांच्या शेजारी पातळ पुठ्ठ्याच्या पोथ्या मांडलेल्या असतात. गिऱ्हाईक येते ते बहुधा स्वतःच्या आवडीने पुस्तक निवडायला येत नाही. त्याला कोणीतरी सांगितलेले असते. साडेसाती आहे, शनिमाहात्म्य वाचा. संतती नाही, घरात पीडा आहे, गुरुचरित्राचा सप्ताह करा. पत्रिका पाहणारा हा खेड्यातल्या माणसाचा पहिला ग्रंथपाल आहे. हे वाक्य कडवट वाटेल, पण खोटे नाही. ज्या घरात दुसरे एकही पुस्तक नाही अशा घरांत शनिमाहात्म्य असते आणि ते घरात येण्याचे कारण वाचकाची रास हे असते. तेव्हा इंग्रजी तक्त्याला हसण्यापूर्वी आपल्या फडताळात डोकावले पाहिजे.

साडेसातीचा हिशेब मोठा पाहण्यासारखा आहे. शनी एका राशीत सुमारे अडीच वर्षे राहतो. जन्मराशीच्या आधीची रास, जन्मरास आणि तिच्या पुढची रास अशा तीन राशींत तो असेपर्यंत त्या माणसाला साडेसाती. म्हणजे शनी कोठेही असो, बारांपैकी तीन राशींना साडेसाती चालूच असते. लोकसंख्येचा साधारण चौथा हिस्सा झाला. २०११च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांवर होती. तिच्यातली चार लाखांवर माणसे कोणत्याही दिवशी साडेसातीत सापडणार. ही राशी सुटली की पुढची अडकणार. चौथा आणि आठवा शनी म्हणजे लहान पनौती, ती धरली तर आणखी दोन राशी आल्या. इतका कायमचा, कधीही न आटणारा वाचकवर्ग मराठीतल्या कोणत्या कादंबरीकाराला लाभला आहे? आणि माणसावर संकट येते ते काय राशी पाहून येते? ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे गणपती बुडवून झोपलेली सास्तूर, किल्लारी आणि आसपासची गावे दगडमातीखाली गेली. हजारो माणसे मेली. त्यांत बाराही राशींची माणसे होती. त्यांना दगडमातीच्या जड भिंतींनी मारले, जमिनीखालच्या हालचालीने मारले. त्या पहाटेचा हिशेब कोणत्याही पोथीत बसत नाही.

परंतु शनिमाहात्म्य ही पोथी केवळ अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणे हे समीक्षकाचे काम नव्हे. तिच्याकडे साहित्यकृती म्हणून पाहिले पाहिजे, कारण कोट्यवधी कानांवरून ती गेलेली आहे. तात्याजी महिपतीची ही रचना. उज्जयिनीच्या विक्रम राजाच्या सभेत कोणता ग्रह श्रेष्ठ यावर पंडितांची चर्चा होते. राजा शनीला हसतो. शनी कोपतो. मग राजाला घोडा रानात नेऊन टाकतो, परक्या नगरात त्याच्यावर हार चोरल्याचा आळ येतो, भिंतीवरच्या चित्रातला हंस हार गिळतो आणि शिक्षा राजाला होते. हातपाय तोडले जातात. शेवटी तो एका तेल्याच्या घरी घाण्यावर बसून बैल हाकतो. साडेसाती संपते तेव्हा हातपाय परत, राज्य परत, शिवाय राजकन्या.

कथा रंगतदार आहे यात वाद नाही. चित्रातला हंस हार गिळतो ही कल्पना कोणत्याही कथाकाराला हेवा वाटावा अशी आहे. पण ही कथा कोणासाठी लिहिली आहे? राजाचे सर्वात मोठे दुर्दैव म्हणून पोथीकार काय दाखवतो? तेल्याच्या घाण्यावर बसणे! म्हणजे राजाची साडेसाती हा तेल्याचा रोजचा दिवस आहे. राजाच्या वाट्याला ते साडेसात वर्षे आले म्हणून त्यावर पोथी झाली. तेली जन्मभर तेच करतो, त्याचा बाप तेच करत होता, त्याचा मुलगाही तेच करील. त्याच्या घाण्याला कोणता शनी लागला आणि तो कधी सुटणार याबद्दल पोथी एक शब्द बोलत नाही. हरिश्चंद्राच्या कथेतही असेच आहे. राजाची परमावधीची दुर्दशा म्हणजे डोंबाच्या घरी स्मशानात राबणे. डोंबाची दुर्दशा मात्र कोणाच्या डोळ्यांत पाणी आणत नाही. हे साहित्य कष्टकऱ्याच्या जगण्याचा उपयोग उच्चवर्णीय नायकाला शिक्षा देण्याची जागा म्हणून करते. आणि शेतावर राबून आलेला, संध्याकाळी हातपाय धुऊन कंदिलाजवळ पोथी घेऊन बसलेला वाचक राजासाठी हळहळतो! आपण स्वतः कथेत कोठे आहोत हे त्याला दिसत नाही. पोथीचे खरे सामर्थ्य येथे आहे. तिची भीती साधी आहे, ती ओळखता येते. तिचे हे आंधळे करणे ओळखायला वेळ लागतो.

गुरुचरित्रातही एक प्रसंग आहे. गाणगापूरचे नृसिंहसरस्वती एका अंत्यजाला जमिनीवर आखलेल्या सात रेषा ओलांडायला लावतात. एकेक रेष ओलांडताच त्याला एकेक पूर्वजन्म आठवतो आणि सातवीवर तो वेद जाणणारा ब्राह्मण होतो. गर्विष्ठ पंडित निरुत्तर होतात. काम झाले. मग त्याच्या अंगावरची विभूती पाणी घालून धुतली जाते, ज्ञान जाते आणि तो होता तसा होऊन बायकोमुलांबरोबर घरी जातो. ज्ञान त्याचे नव्हतेच. दोन गर्विष्ठांचा गर्व उतरवण्यापुरते ते त्याला उसने दिले होते. घागरभर पाण्याने धुऊन जाणारे ज्ञान! हा सप्ताह आजही पीडानिवारणासाठी सांगितला जातो, आणि बायकांनी ही पोथी वाचू नये असेही त्याबरोबर सांगितले जाते. पत्रिकेने पुस्तक दिले आणि रूढीने निम्म्या घराकडून ते काढून घेतले.

आता राशीकडे येऊ. रास म्हणजे केवळ मेंढा, बैल, विंचू अशी चित्रे आहेत, तिचा जातीशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध पंचांगातच छापलेला आहे. लग्न जुळवताना जे छत्तीस गुण मोजतात त्यांतला पहिला गुण वर्ण हा होय. कर्क, वृश्चिक, मीन या राशी ब्राह्मण. मेष, सिंह, धनु या क्षत्रिय. वृषभ, कन्या, मकर या वैश्य. मिथुन, तूळ, कुंभ या शूद्र. आकाशाचे बारा तुकडे केले आणि त्यांवरही चातुर्वर्ण्य बसवले! बारा राशींत पंचमाला, अस्पृश्याला, जागा नाही. आकाशातही तो गावकुसाबाहेर. मात्र ग्रहांमध्ये त्याची सोय केलेली आहे. वराहमिहिराच्या बृहज्जातकात गुरू आणि शुक्र ब्राह्मणांचे, रवी आणि मंगळ क्षत्रियांचे, चंद्र वैश्यांचा, बुध शूद्रांचा आणि शनी अंत्यजांचा. म्हणजे ज्या ग्रहाला सारा गाव भितो, ज्याच्या दृष्टीने वाटोळे होते असे मानतो, तो ग्रह आमचा! आणि त्याच्या पीडेवर उपाय म्हणून पोथी आम्हीच वाचायची.

गंमत अशी की राशी ही कल्पना या मातीतली नाही. ती बाबिलोन आणि ग्रीसकडून आली. खुद्द वराहमिहिराने राशींची ग्रीक नावे संस्कृत वळणाने आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवली आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत आपल्या तेरचा, म्हणजे तगर नगराचा, माल गाड्यांवर लादून भडोचला जात होता आणि तेथून जहाजाने पश्चिमेकडे. त्याच व्यापाराच्या काळात राशी इकडे आल्या. मेंढा परदेशी, बैल परदेशी, त्यांना वर्ण मात्र येथे चिकटला. बाहेरून आलेल्या प्रत्येक वस्तूला जात देण्याचे आपल्या संस्कृतीचे कसब विलक्षण आहे.

मग प्रश्न येतो की दलित वाचकाची रास काढायची कशी? आमच्या आजोबा-पणजोबांच्या जन्माची वेळ कोणी नोंदवली होती? जन्म सांगितला जाई तो दुष्काळावरून, प्लेगवरून, पटकीवरून. शाळेत घालायची वेळ आली की मास्तर पोराचा हात डोक्यावरून दुसऱ्या कानाला लावून पाहत आणि जन्मतारीख लिहीत १ जून. मराठवाड्यातल्या कोणत्याही कचेरीतल्या जुन्या सेवापुस्तिका उघडा. १ जूनला जन्मलेल्यांची रांग लागेल. इंग्रजी तक्त्याप्रमाणे १ जून म्हणजे मिथुन रास. मिथुनेच्या वाचकाला चंचल आणि बोलका समजून हा तक्ता हलकीफुलकी, झटपट वाचून होणारी पुस्तके देतो. म्हणजे मास्तरच्या एका सवयीमुळे मराठवाड्याची एक अख्खी पिढी चंचल ठरली, आणि पंचांगाच्या वर्णाप्रमाणे मिथुन ही शूद्र रास! शाळेच्या दाखल्याने दिलेली रासही फिरून तेथेच आली. पंचांगवाले लगेच म्हणतील की इंग्रजी पद्धत चुकीची, आमची निरयन पद्धत खरी, तिच्याप्रमाणे १ जूनला सूर्य वृषभेत असतो. असू द्या. दोन्ही पद्धतींत सुमारे २४ अंशांचे अंतर आहे आणि एक रास ३० अंशांची. म्हणजे पाचांपैकी चार माणसांची सूर्यरास या दोन पद्धतींत वेगवेगळी निघते. शिवाय पंचांगाची जन्मरास चंद्रावरून, तक्त्याची सूर्यावरून. ज्या वाचकाला एका तक्त्याने कविता दिली त्याला दुसरा तक्ता हिशेबाची वही देणार. कोणते पुस्तक परत करायचे?

जन्मवेळ नसेल तर नावाच्या पहिल्या अक्षरावरून नावरास काढतात. येथे तर इतिहासच बोलतो. शूद्राचे नाव तिरस्कार दाखवणारे असावे अशी मनुस्मृतीची आज्ञा आहे. त्या आज्ञेप्रमाणे म्हणा किंवा मूल जगावे म्हणून म्हणा, आमच्या वस्त्यांत कचरू, दगडू, धोंडीबा, भिका अशी नावे होती. कचरूचा क मिथुनेत, दगडूचा द कुंभेत. दोन्ही राशी शूद्र. धोंडीबा मात्र धनु राशीत जातो आणि धनु क्षत्रिय! भिकाही धनुच. या क्षत्रिय धोंडीबाला गावच्या विहिरीवर पाणी भरू दिले काय? तराळकी करताना त्याच्या हातातल्या काठीला कोणी तलवार म्हटले काय? रास क्षत्रिय असून उपयोग नाही, जात पाहिजे. हे ज्योतिषालाही माहीत असते. म्हणूनच रास ही पुस्तकापुरती, उपासतापासापुरती, दक्षिणेपुरती चालते.

एक गोष्ट मध्येच सांगितली पाहिजे. दारोदार डमरू वाजवत फिरणाऱ्या कुडमुड्या जोशाबद्दल आम्ही हे बोलत नाही. तो स्वतः भटक्या जमातीतला, पोटासाठी भविष्य सांगणारा आणि पाल ठोकायला जागा मिळाली तर नशीब समजणारा. त्याचे भविष्य त्यालाही माहीत नाही. ज्या विद्येला २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत आणण्याचे ठरवले आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयात हस्तक्षेप केला नाही, त्या विद्येच्या वर्गात या कुडमुड्याला कोणी प्राध्यापक म्हणून नेमणार नाही.

राशीवरून माणसाची बुद्धी तरी कळते काय? वाचकाला पुस्तक द्यायचे तर निदान एवढे कळले पाहिजे. जयंत नारळीकर यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती आणि पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग यांच्या सहकार्याने याची चाचणी घेतली, ती २००९ साली प्रसिद्ध झाली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा घेऊन पत्रिका तयार केल्या. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पत्रिका दिल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या मुलाची एवढेच विचारले. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांचे प्रमाण आले शेकडा ४६. नाणे उडवून उत्तरे दिली असती तर ५० आले असते. हुशार आणि मतिमंद हा इतका ढळढळीत फरक ज्या कुंडलीत दिसत नाही, तिच्यात तुम्हाला ललित निबंध आवडेल की प्रवासवर्णन हे दिसते असे मानायचे?

तरीही तक्ता वाचणाऱ्याला तो पटतो, हे खरे. यामागे वाचनाचीच एक युक्ती आहे आणि समीक्षकाने ती ओळखली पाहिजे. १९४८ साली अमेरिकेत बर्ट्राम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांना प्रत्येकाचे म्हणून एक स्वभाववर्णन दिले. सगळ्यांना एकच मजकूर, आणि तो बहुतांश रस्त्यावरच्या दुकानातल्या भविष्याच्या पुस्तकातून उचललेला. ते वर्णन आपल्याला किती लागू पडते याला विद्यार्थ्यांनी पाचांपैकी सरासरी सव्वाचार गुण दिले! मोघम आणि थोडे गोड असे काही लिहिले की प्रत्येकाला ते आपलेच वाटते. चांगले साहित्य वाचतानाही ते आपले वाटते, पण कारण उलटे असते. बलुतं १९७८ साली आले तेव्हा ज्यांना ते आपले वाटले, त्यांना ते मोघम होते म्हणून वाटले नाही. मुंबईतल्या कावाखान्याचा, मेलेल्या जनावराच्या वाटपाचा तपशील इतका नेमका होता की अंगावर काटा आला. नेमकेपणातून येणारी ओळख आणि मोघमपणातून येणारी ओळख यांतला फरक करणे हेच समीक्षेचे काम नव्हे काय?

राशीचा तक्ता आणखी एक गोष्ट गृहीत धरतो. वाचकाला त्याच्या स्वभावाला मानवेल तेच पुस्तक द्यावे, ही ती गोष्ट. संस्कृत परंपरेत ग्रंथाच्या आरंभी अधिकारी कोण हे सांगण्याची रीत होती. हा ग्रंथ कोणी वाचावा याचा निर्णय ग्रंथाबाहेर, वाचकाच्या आधीच झालेला. तक्ता या अधिकारभेदाचे गुळगुळीत रूप आहे. तो दरवाजा बंद करत नाही, तुझ्यासाठी हा दुसरा दरवाजा आहे असे हसत सांगतो. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. हीही एक प्रकारे त्यांच्या जन्माला साजेशी पुस्तकनिवड होती! पुढे त्यांनी स्वतःच्या बळावर संस्कृत शिकून शूद्र कोण होते याचा शोध वेदांत जाऊन घेतला. कुमुद पावडे यांनी संस्कृत घेऊन एम.ए. केले तेव्हा लोकांना कौतुकापेक्षा अचंबा अधिक वाटला. अंतःस्फोट या १९८१च्या पुस्तकात त्यांनी तो अनुभव लिहून ठेवला आहे. ज्याला जे मानवत नाही असे जग म्हणते, तेच त्याने वाचल्यावर काय घडते याची ही उदाहरणे आहेत.

आणि येथे आपल्या चळवळीनेही स्वतःकडे पाहावे. दलित वाचक आला की त्याच्या हातात दलित आत्मकथन ठेवायचे आणि दुसरे काही विचारायचेच नाही, अशी सवय वाचनालयांना लागली आहे, आपल्या कार्यकर्त्यांनाही लागली आहे. उपरा, अक्करमाशी, जिणं आमुचं ही पुस्तके प्रत्येक मराठी माणसाने वाचली पाहिजेत, सवर्णाने तर आधी. पण एखाद्या बौद्ध मुलीला खगोलशास्त्राचे पुस्तक हवे असेल, एखाद्या मातंग तरुणाला रशियन कादंबरी हवी असेल, आणि आपण त्याला तुझ्या समाजाचे पुस्तक घे म्हणू, तर राशीच्या तक्त्यात आणि आपल्यात फरक काय उरला? जातीचे कपाट हेही जन्माचेच कपाट आहे. सूर्यराशीच म्हणाल तर जोतीराव फुले ११ एप्रिलचे, बाबासाहेब १४ एप्रिलचे, आणि डॉ. हेडगेवार १ एप्रिलचे. इंग्रजी तक्त्याने तिघेही मेष! तिघांच्या हातात एकच साहसकथा देऊन पाहावी.

आम्हाला या विषयावरची मराठीतली सर्वोत्तम रचना वाटते ती जोतीरावांचे तृतीय रत्न हे नाटक, १८५५ सालचे. एक जोशी गरोदर कुणबीण बाईला गाठतो. तुझ्या मुलाला ग्रह वाईट आहेत म्हणून भिववतो. नवराबायको कर्ज काढून अनुष्ठान करतात, ब्राह्मणांना जेवू घालतात, नागवले जातात. मध्ये विदूषक आहे, तो आडून सगळे फोडून सांगतो. आणि नाटकाचा शेवट कोठे होतो? ते दोघे लिहावाचायला शिकण्यासाठी शाळेत जायचे ठरवतात. ग्रहापासून निघालेले नाटक अक्षरापाशी संपते. पुढे शनिमाहात्म्य हातात आले तरी हा कुणबी ते वेगळ्या डोळ्यांनी वाचील, तेल्याची बाजू विचारील. त्या काळच्या दक्षिणा प्राइझ कमिटीने हे नाटक नाकारले होते. पंडितांच्या आवडीशी त्याची पत्रिका जुळली नाही असे म्हणू या.

एका वाचकासाठी एका माणसाने पुस्तक निवडले, त्याची दुसरी गोष्ट १९०७ सालची. भीमराव मॅट्रिक झाले. बागेत एकटा वाचत बसणाऱ्या या मुलाला कृष्णाजी अर्जुन केळुसकर ओळखत होते. तो काय वाचतो, किती वाचतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यांनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले. त्या पुस्तकाचे पुढे काय झाले हे १९५६ साली नागपूरला जगाने पाहिले. हा मुलगा काय होईल हे केळुसकरांना ठाऊक नव्हते आणि त्यांनी ते जाणण्याचा आवही आणला नाही. तेरच्या गोरोबाकाकांची आख्यायिका आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. संतांच्या मेळ्यात कोण पक्का आणि कोण कच्चा हे पाहायचे तर त्यांनी कोणाची पत्रिका मागितली नाही. थापटणे घेतले आणि डोक्यावर ठोकून पाहिले. नामदेव रागावले आणि कच्चे ठरले. कुंभाराची ही रीत ज्योतिषापेक्षा केव्हाही बरी. ग्रंथपालाने वाचकाच्या डोक्यावर थापटणे मारू नये हे खरे, पण चार प्रश्न विचारायला काय हरकत आहे? आधी काय वाचलेस, कोठे कंटाळलास, कशाने झोप उडाली?

रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला एक वाचकाच्या बाजूने पुस्तक मागतो आणि एक पुस्तकाच्या बाजूने वाचक मागतो. महाराष्ट्रात १९६७ साली ग्रंथालय कायदा झाला. गावोगाव अ, ब, क, ड वर्गांची वाचनालये निघाली. पुष्कळशा ड वर्गातल्या वाचनालयांत वर्तमानपत्र असते, कपाट असते आणि कपाटाला कुलूप असते. ते कुलूप उघडून वाचकाशी बोलणारा माणूस नाही म्हणून भविष्याचा रकाना आणि तक्ता ती जागा घेतो. लोक मूर्ख आहेत म्हणून तो वाचतात असे मानणे हा शहरी अहंकार झाला. पुस्तके हजारो, सांगणारा कोणी नाही आणि विचारायची लाज वाटते. रास विचारायला लाज वाटत नाही.

आणि पोथीकडून शिकण्यासारखेही आहे. पोथीचा टाइप मोठा असतो. किंमत थोडी असते. ती एकट्याने मुक्याने वाचायची नसते. एकजण वाचतो, दहाजण ऐकतात, अडले तेथे थांबतात. नवसाक्षर माणसाला पुस्तक पोचवण्याची ही उत्तम रीत आहे आणि ती आपण सनातन्यांना आंदण दिली होती. बाबासाहेबांनी बुद्ध आणि त्याचा धम्म लिहिताना लहानलहान क्रमांकित परिच्छेद केले, ते मोठ्याने वाचता यावेत असेच आहेत. आषाढ पौर्णिमेपासून वर्षावासात वस्त्यावस्त्यांतून त्याचे वाचन होते ते यामुळेच सोपे जाते. ज्या जिल्ह्यात १९४१च्या फेब्रुवारीत कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदारांच्या परिषदेसाठी बाबासाहेब आले होते, त्या जिल्ह्यात हे वाचन आणखी पुस्तकांकडे न्यायला काय अडचण आहे? फकिरा मोठ्याने वाचता येते. अण्णाभाऊ शाळेत गेले ते दीडच दिवस, त्यांचे वाक्य कानासाठीच घडलेले आहे. तृतीय रत्न तर नाटकच आहे, तीन-चार जणांनी मिळून वाचावे. अडचण एवढीच की यांतली पुष्कळ पुस्तके बारीक टाइपात निघतात, चाळिशी ओलांडलेल्या बाईला चष्म्यावाचून दिसत नाहीत आणि तुळजापूरच्या दुकानांत परड्यांच्या शेजारी ती कधीच ठेवलेली नसतात.